बालपदभ्रमण मार्गास मान्यता मिळणेबाबत

प्रति,
सन्माननीय 'फॅमिली ट्रेक' आयोजक मंडळी,
मुक्काम पुणे, मुंबई आणि इन्स्टाग्राम.

विषय : मौजे पुसेगाव, तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली येथील पांदणीस 'लहान मुलांसाठी सुरक्षित' असा शिक्का मिळणेबाबत.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, सुट्टीत लेकरांना कुठेतरी पायी फिरवून आणावं म्हणून आम्ही तुमच्या याद्या चाळल्या. पाच वर्षांच्या पोरालाही झेपतील अशा वाटा तुम्ही मोठ्या मायेने सुचवता. लोहगड, कारण पायऱ्या आहेत. सिंहगड, कारण वर पिठलं-भाकरी मिळते. दोन्ही कारणं पटली. पिठलं-भाकरी आमच्या घरी नेहमीचीच, म्हणजे निम्मा सिंहगड आम्ही चढून बसलोच आहोत. उरलेल्या निम्म्यासाठी रात्रभर एसटीत लेकरू मांडीवर घेऊन पुणं गाठायचं आणि सकाळी त्यालाच 'चल, आता डोंगर चढ' म्हणायचं, एवढं धाडस मात्र आमच्यात नाही.

मग फोनलाच विचारलं : पुसेगावजवळचा सोपा ट्रेक सांग. त्याने तत्परतेने वर्धनगड काढून दिला. गड चांगला, गाव पायथ्याशी. पण तो सेवागिरी महाराजांच्या पुसेगावाजवळचा, म्हणजे साताऱ्याकडचा. दोन पुसेगावांच्या मधे निम्मा महाराष्ट्र पसरलाय, हे फोनला कोण सांगणार?

आमच्याकडे सह्याद्री नाही. अजिंठ्याच्या रांगेचे फाटे इकडे येईतो दमतात आणि माळ होऊन पडतात. 1984 साली दांडेकर समितीने रस्त्यांचा, सिंचनाचा, शाळांचा अनुशेष मोजला. डोंगरांचा मोजायचा राहून गेला. त्याबद्दल तक्रार नाही. चार-सहा वर्षांच्या लेकराला गड लागतोच कुठे? त्याला दगड, मुंगळे, बोरं आणि मधूनमधून बसायला झाड लागतं. हे सगळं पांदणीत आहे. म्हणून विनंती की, एकदा येऊन आमच्या मार्गाची पाहणी करावी आणि शिक्का द्यावा.

आमच्या मार्गाचं वैशिष्ट्य असं की, इथे साहस वेगळं विकत घ्यावं लागत नाही. गाव सुटताच पहिला टप्पा काळ्या मातीचा. पाऊस झाला की पाय पुढे जातो आणि चप्पल मागे राहते. पुढे बिनकठड्याची विहीर आहे. कडेला गवत असं दाट की विहीर कुठे सुरू होते हे आत पडल्यावरच कळावं. त्यानंतर शेततळं. 2016 पासून 'मागेल त्याला शेततळे' मिळू लागलं, पाणी साठलं, चांगलंच झालं. पण आतलं प्लास्टिकचं अस्तर शेवाळून इतकं निसरडं होतं की पोहणारा गडीही धड वर येत नाही, मग लेकराचं काय सांगावं! काठाला जाळी हवी आणि पाण्यात गाठी मारून सोडलेला दोर हवा. दोर काही महाग नसतो. तरी तो बहुधा दुर्घटनेनंतरच बांधला जातो.

रात्रीची सोयही आहे. रानडुकरांपासून पीक वाचवायला काहीजण झटका मशीन लावतात. तिचा झटका थांबून थांबून बसतो, माणूस ओरडतो आणि घरी येतो. काहीजण मात्र सरळ लाइनवरून आकडा टाकून तारेत करंट सोडतात. ते बेकायदा आहे, आणि तार काही डुक्कर कोणतं नि लेकरू कोणतं हे विचारत बसत नाही. सकाळी करंट काढायचा राहिला तर तुमच्या भाषेतली 'मॉडरेट' वाट एका पावलात 'डिफिकल्ट' होते. शिवाय सोयाबीनच्या सुडीखाली घोणस असू शकते. तुमच्या यादीत असतो तसा 'वन्यजीव दर्शन' हा रकाना आम्हीही भरू.

आता मुख्य अडचण. पाहणीला याल तेव्हा ही वाट सापडेलच याची हमी देता येत नाही. गावनकाशावर ती आहे. टिंबाटिंबांच्या रेषेने दाखवलेल्या पायमार्गाची रुंदी 8¼ फूट धरलेली आहे. म्हणजे आई, बाप आणि मधे बोट धरून लेकरू, असे तिघं आरामात शेजारी शेजारी चालतील. पण दरवर्षी अलीकडचा शेतकरी नांगराचं एक तास आत घेतो, पलीकडचा धुरा कोरतो, आणि दहा-पंधरा वर्षांत सव्वाआठ फुटांतून एक शेळी जेमतेम जाते. तीही मालकाच्या शिव्या खात. उरलेल्या जागेत बाभळीच्या फांद्या टाकून वाटेचं विसर्जन होतं. 2021 साली सरकारने मातोश्री शेत-पाणंद रस्ते योजना आणली. तिचा हेतू ट्रॅक्टर शेतापर्यंत पोचावा हा, आणि तो रास्तच आहे. लेकरांनी कुठून चालावं हे कोणत्याच योजनेत नसतं.

चालणं आम्हाला नवीन आहे असं समजू नये. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी पानकनेरगावला मराठवाड्यात शिरते आणि आमच्या सेनगाववरून पुढे पंढरपूरला जाते. नामदेवांचं नर्सी आमच्या शेजारी आहे. म्हातारी माणसं इथे शेकडो किलोमीटर पायी जातात, नातवाला मात्र शेतापर्यंत मोटारसायकलवर न्यावं लागतं.

तुमच्या शिक्क्यासाठी आमच्या अटीही ऐका. ही वाट नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळचीच. मे महिन्यात कोणी आणू नये. जूनच्या तोंडाला ढग गडगडला की झाडाखाली उभं न राहता पक्कं घर गाठावं; पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप विजेची सूचना देतं. पायात बूट, हातात काठी. साप चावलाच तर मांत्रिकाकडे नाही, 108 ला फोन करून थेट दवाखान्यात. आणि आदल्या दिवशी मोठ्या माणसाने एकदा पूर्ण वाट चालून यावी, विहीर कुठे आणि तार कुठे हे डोळ्यांनी पाहावं. हे शेवटचं तुमच्या लोहगडालाही लागू आहे. पायऱ्यांना पावसाळ्यात शेवाळ येतं आणि रविवारी गर्दी.

शिक्का नाही दिलात तरी चालेल. फक्त येताना टेप घेऊन या, म्हणजे सव्वाआठ फूट तुमच्या साक्षीने मोजता येतील.

आपला नम्र,
पुसेगावचा एक बाप

ता. क. : हे पत्र आयोजकांऐवजी एखाद्या गावकऱ्याच्या हाती पडलं तर त्याच्यासाठी. वहिवाटीची वाट कोणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. मात्र तो अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो.