कुणाचा हेला पडला बारवंत?

सेलू तालुक्यातल्या वालूरला अलीकडं एक इंग्रजी विशेषण मुक्कामाला आलंय. नाव त्याचं ‘हेलिकल’. गावातली गोल बारव, जिच्या पायऱ्या गरगर फिरत पाण्याकडं उतरतात, ती गाळाकचऱ्यात पडून होती तोवर नुसती बारव होती. गावकऱ्यांनी ती उपसून साफ केली, फोटो मोबाइलवरून फिरले आणि बघता बघता तिची ‘हेलिकल स्टेपवेल’ झाली. २०२२ साली टपाल खात्याच्या चित्र-पोस्टकार्डावरही झळकली. लांबून बघायला येणारा पाहुणा आता गाडीची काच खाली करून विचारतो, “हेलिकल किधर है?” पारावरच्या म्हाताऱ्याच्या कानावर त्यातलं अर्धंच पडणार. आमच्याकडं हेला म्हणजे रेडा. म्हातारा दचकून उठणारच, “कुणाचा हेला पडला रे बारवंत?”

म्हाताऱ्याला हसू नका. विचारणाऱ्या पाहुण्याला तरी कुठं ठाऊक असतं? शब्दाचं घराणं ग्रीक. ‘हेलिक्स’ म्हणजे वळसे घेत गेलेलं काहीही, आणि इंग्रजीनं ते वाट्टेल तिथं खपवलं. कानाची बाहेरची दुमडलेली कड म्हणजे हेलिक्स. गोगलगाईंच्या एका प्रजातीचं नाव हेलिक्स. १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली, तीही दुहेरी हेलिक्स. पोटात अल्सर करणारा जंतू पिळदार, म्हणून तो हेलिकोबॅक्टर. त्याचा छडा लावणाऱ्या मार्शल आणि वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. आपण मात्र पिढ्यान्‌पिढ्या सगळा आळ ठेच्यावर घेत आलो. हेलिकॉप्टर हा शब्दसुद्धा ‘हेली’ आणि ‘कॉप्टर’ असा तोडायचा नसतो. ‘हेलिको’ आणि ‘प्टर’ असा तोडायचा. प्टर म्हणजे पंख. निवडणुकीत आमच्या डोळ्यांत जी धूळ जाते, तिचं मूळही असं थेट ग्रीसपर्यंत पोचतं.

त्यात भूमितीचे मास्तर आले की घोळ आणखी वाढतो. त्यांच्या हिशेबी हेलिक्सचा घेर वरपासून खालपर्यंत सारखा पाहिजे, स्प्रिंगचा असतो तसा. सपाटीवरच आत आत वळत गेलेली जिलबी, ती स्पायरल. मग खाली उतरता उतरता आतही सरकणाऱ्या पायऱ्यांना काय म्हणायचं? मास्तर चष्मा पुसत बसतात. मराठीत मळसूत्र हा शब्द केव्हाचा आहे, स्क्रूला आपण तेच म्हणायचो. गोल फिरत जाणारा जिनाही मळसूत्रीच. पण ‘मळसूत्री बारव’ बघायला पुण्या-मुंबईहून पेट्रोल जाळत कोण येणार? आणि रीलखाली लिहिणार काय?

हेलिकल हा शब्द खरा कळलाय तो ट्रॅक्टरच्या मिस्त्रीला. ग्रीक नाही, भूमिती नाही, हाताला काळं ऑइल. सरळ दात्यांचा गिअर चालताना किंचाळतो, कारण अख्खा दात एकदम दातावर आदळतो. हेलिकलचे दाते तिरपे. ते एका टोकापासून हळूहळू एकमेकांत शिरतात, म्हणून आवाज कमी. खोट एकच. तिरपेपणामुळं गिअर फिरता फिरता बाजूलाही रेटतो, तो रेटा झेलायला तसंच बेअरिंग लागतं. मिस्त्रीनं हे एवढं सांगितलं आणि मला आपल्या कचेऱ्यांचं अख्खं यंत्र उलगडलं. तिरपे दात, आवाज नाही, आणि कागदाला कायम बाजूच्या टेबलाकडं रेटा. झेलायला अर्जदार.

म्हणूनच हेलिकलचा मराठीतला सगळ्यांत जवळचा सोयरा मला हेलपाटा वाटतो. व्युत्पत्तीवाल्यांनी काठी उगारू नये. नातं रक्ताचं नाही, गुणांचं आहे. दोन्हीत माणूस गोल गोल फिरतो. बारवेत फिरलं तर तळाशी पाणी तरी लागतं.

समजा, उद्या गावानं कुठल्याशा कचेरीत अर्ज टाकला, की आमच्या चक्राकार बारवेचे ढासळलेले दगड नीट बसवून द्या. पुढचं सांगायला ज्योतिषी नको. साहेब यादीवर बोट फिरवून म्हणतील, “चक्राकार नाही यात. हेलिकल आहे.”

“साहेब, ती एकच हाय.”

“कशावरून?”

आता आली पंचाईत. नावातल्या तफावतीचं प्रतिज्ञापत्र आलं, बाँडवर, की चक्राकार बारव आणि हेलिकल स्टेपवेल ही दोन्ही नावं एकाच विहिरीची असून गावात बोलीभाषेत तिला नुसतं बारव म्हणतात. दोन साक्षीदार आले. जन्मतारखेचा रकाना आला. तिथं ‘यादवकाळ’ लिहिलं तर संगणक घेत नाही, त्याला दिवस आणि महिना पण पाहिजे. शेवटी, बारवेचे दोन फोटो जोडा, समोरून काढलेले.

गोल बारवेची समोरची बाजू कोणती, हे ग्रामसभेत ठरेपर्यंत अर्ज बाजूच्या टेबलावर राहील.