व्हीलचेअरचं चिन्ह लावणाऱ्या रिसॉर्टमालकास

रिसॉर्टचे मालक महोदय यांस,


तुमच्या वेबसाइटवर निळ्या चौकोनात व्हीलचेअरचं चिन्ह आहे. त्यावर विश्वास ठेवून आम्ही दिवाळीच्या सुट्टीत कोकणात तुमच्याकडे खोली घेतली. फोनवर खोदून विचारलं, तेव्हा "सगळी सोय आहे मॅडम, निर्धास्त या," असं उत्तर मिळालं. पैसेही तुम्ही आधीच पूर्ण घेतलेत. दारात उतरल्यावर कळलं, की पायऱ्या चढवायची तुमची सोय म्हणजे खुर्ची उचलणारे दोन वेटर.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे आणि त्याचं वजन 34 किलो आहे. तुमच्या पोरांनी त्याची खुर्ची दोन्ही बाजूंच्या हातांना धरून उचलली. ते हात काढता-घालता येतात, त्यांना धरून खुर्ची कधीच उचलायची नसते. धरायची ती खालची चौकट. हे त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं. एक हात निसटला आणि खुर्ची कलली. दचकला की माझ्या लेकाचं अंग ताठ होतं, मान मागे जाते आणि सैल व्हायला बराच वेळ लागतो. तशाच अवस्थेत तो तुमच्या लॉबीत आला. तिथे चहा घेत बसलेल्यांपैकी कुणीतरी "बिच्चारा" म्हणालं. त्याला बोलता कमी येतं, पण ऐकू सगळं येतं आणि कळतंही सगळं. वेटरांवर माझा राग नाही, ती पोरं स्वतःच घाबरली होती. त्यांना या कामाला जुंपलंत तुम्ही.

खोलीतल्या बाथरूमचं दार 22 इंचांचं, आमची खुर्ची 24 इंचांची. दाराला उंच उंबरठा, आत गुळगुळीत फरशी आणि धरायला एक दांडीसुद्धा नाही. त्याच्या वडिलांनी त्याला हातांवर घेतलं आणि तिरकं होऊन कसंबसं आत नेलं. त्यानंतर त्याने पाणी प्यायचं सोडलं. ग्लास पुढे केला की तोंड फिरवायचा, पुन्हा तसं जावं लागू नये म्हणून. कोकणातल्या दमट उकाड्यात एक मूल तुमच्या दारामुळे तहानलेलं राहिलं. तुमच्या दाराची रुंदी निदान 900 मिलिमीटर, म्हणजे 35 इंचांच्या आसपास हवी होती. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत ती छापलेली आहे.

मी रॅम्पबद्दल विचारलं, तर मॅनेजरने मुदपाकखान्यामागचा उतार दाखवला. तो गॅसचे सिलिंडर चढवण्यासाठी केलेला आहे आणि चार फुटांत संपतो. उताराचं गणित सोपं आहे: एक इंच उंचीला बारा इंच लांबी. तुमच्या दोन पायऱ्या मिळून 14 इंच होतात, म्हणजे 14 फुटांचा उतार हवा. प्रवेशद्वारासमोर तुम्ही कृत्रिम धबधबा बांधलात, सेल्फीसाठी कमान उभारलीत. त्या जागेत असा उतार आरामात बसला असता.

यावर तुमचं म्हणणं असं, की "असे पाहुणे येतात तरी किती?" साहेब, तुमच्या पायऱ्याच त्यांना येऊ देत नाहीत. एक मूल येत नाही तेव्हा त्याचे आईवडील येत नाहीत, भावंडं येत नाहीत, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आजीही घरीच राहते. आणि आम्हाला काय सुचवलंत? "त्याला नातेवाइकांकडे ठेवून यायचं ना!" माझ्या धाकटीला दादाबरोबर समुद्र बघायचा होता. एकाला वगळून केलेल्या सहलीला आम्ही कुटुंबाची सहल म्हणत नाही.

"हे नियम सरकारी इमारतींना" असंही तुम्ही ऐकवलंत. ते खोटं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे आणि त्याचं कलम 46 सरकारी व खासगी, दोन्ही सेवा देणाऱ्यांना लागू आहे. सुगम्यतेचे नियम निघाल्यापासून दोन वर्षांत सेवा त्यानुसार द्यायच्या होत्या. नियम 2017 मध्ये निघाले. पुढे 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं, की सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, किमान निकष बंधनकारक हवेत. कायदा मोडल्यास पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड आहे, पुन्हा मोडल्यास पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत.

वाळूत हे जमत नाही म्हणता? चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर 2022 मध्ये थेट पाण्याच्या दिशेने जाणारा लाकडी मार्ग खुला झाला, 263 मीटर लांबीचा. पुढच्याच महिन्यात मंदौस चक्रीवादळाने त्याची मोडतोड केली, तेव्हा पालिकेने तो दुरुस्त केला. तुम्हाला तर वाळूवर काहीच बांधायचं नव्हतं. तुमचं काम सिमेंटच्या अंगणातलं होतं.

दयेची आम्हाला गरज नाही. उचलून घेणाऱ्या हातांवर अवलंबून राहावं लागलं, की मुलाने खेळायला बाहेर पडायचं की नाही, हे त्या हातांच्या सवडीवर ठरतं. माझा मुलगा दोन दिवस समुद्राचा आवाज खोलीतून ऐकत राहिला, कारण वेटरांना जेवणाच्या वेळी फुरसत नव्हती.

उतार बांधा, एका खोलीचं बाथरूम रुंद करा, दांड्या लावा. तोवर वेबसाइटवरचं ते चिन्ह आजच्या आज काढा. न बांधलेल्या सोयीचे पैसे घेणं ही फसवणूक आहे आणि ग्राहक आयोगाकडे मी तसंच लिहून देणार आहे.

आणि हे पत्र वाचणाऱ्या पालकांना सांगते: कुठलंही बुकिंग करण्याआधी बाथरूमच्या दारावर टेप धरून काढलेला फोटो मागा, प्रवेशद्वाराचाही मागा. फोटो पाठवायला टाळाटाळ झाली, तर एक रुपयाही आगाऊ देऊ नका.

कळावे.
तुमच्याकडे येऊन गेलेली एक आई