उपनगरी बूफरवाला

गाडीच्या डिकीत सबवूफर बसवून घेणारा आणि त्याचा बॉक्स किती मोठा असावा, या प्रश्नावर उमेदीची वर्षं खर्ची घालणारा इसम म्हणजे बूफरवाला. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यांत तो बारमाही आढळतो. वय बावीस ते चौतीस. गाडी वडिलांच्या नावावर, हप्ता स्वतःच्या पगारातून आणि डिकी आईच्या ताब्यात. त्याच्या आगमनाचा क्रम ठरलेला असतो. आधी टपरीवरचे चहाचे ग्लास थरथरतात, मग नंबरप्लेटची खडखड येते, मग गाडी दिसते आणि गाणं कोणतं होतं ते गाडी पुढे निघून गेल्यावर कळतं.

वूफरला बॉक्स लागतो याचं कारण साधं आहे. कोन पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. या दोन लाटा एकमेकींत मिसळल्या की खालचे सूर कापले जातात. म्हणून नुसता हातात धरून वाजवलेला बारा इंची वूफर फक्त कुरकुरतो. मागची लाट बॉक्सात कोंडली की बेस उरतो. कोंडलेली हवा कोनाला स्प्रिंगसारखी मागे ओढते. बॉक्स जितका लहान तितकी ही स्प्रिंग कडक. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी याच तत्त्वावर लहानशा बंद बॉक्समधून खोल बेस काढून दाखवला. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात सगळा हिशेब मांडला. तेव्हापासून चांगल्या वूफरच्या कागदावर एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस हे आकडे छापलेले असतात. बूफरवाल्याला ते तोंडपाठ असतात. त्यांचा वापर तो मुख्यतः मित्रांना गप्प करण्यासाठी करतो.

बंद बॉक्सचा हिशेब असा : व्हीएएसला बॉक्सच्या लिटरने भागायचं, एक मिळवायचा, वर्गमूळ काढायचं आणि क्यूटीएसने गुणायचं. उत्तर ०.७ च्या आसपास आलं तर बेस सपाट आणि स्वच्छ. ते १ कडे सरकू लागलं की बेस फुगतो. समजा, वूफरचा क्यूटीएस ०.५, व्हीएएस ६० लिटर आणि एफएस, म्हणजे त्याचा स्वतःचा मूळ सूर, ३० हर्ट्झ आहे. ६० लिटरच्या बॉक्समध्ये उत्तर ०.७१ येतं आणि वूफर ४२ हर्ट्झपर्यंत सुखाने उतरतो. तोच वूफर २० लिटरमध्ये कोंबला तर उत्तर बरोबर १ येतं, मूळ सूर ६० हर्ट्झवर चढतो, त्याच्या वरच्या सुरांत सव्वा डेसिबलचा फुगवटा येतो आणि खालचा बेस झपाट्याने आटतो. या फुगवट्यालाच ‘दणका’ समजणारे बूफरवाले बहुसंख्य आहेत. मुलुंडच्या बूफरवाल्याकडे हा हिशेब एक्सेलमध्ये असतो, अंधेरीच्याकडे मोबाइलमध्ये, घाटकोपरच्याकडे दुकानदाराच्या तोंडी. बोरिवलीच्याकडे दोन मित्र असतात आणि त्यांची उत्तरं जुळत नाहीत.

लिटर ठरले की डिकीची पाळी येते. वॅगनआरची डिकी कागदावर ३४१ लिटरची, २०१८ च्या स्विफ्टची २६८ लिटरची. जागाच जागा. पण उपनगरातून रोज कामाला जाणारी गाडी बहुधा सीएनजीवर असते आणि सीएनजीच्या वॅगनआरमध्ये ६० लिटरचा सिलिंडर डिकीत आडवा पडलेला असतो. म्हणजे एकाच डिकीवर साठ-साठ लिटरचे दोन दावेदार, एकात गॅस आणि दुसऱ्यात नुसती हवा. घरच्या बैठकीत निकाल कोणाच्या बाजूने लागतो, हे सांगायला नको. टाटांनी २०२३ मध्ये दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाशी निजवलेली सीएनजी अल्ट्रोझ आणली, तेव्हा इतर गिऱ्हाइकांना त्या मोकळ्या जागेत बॅगा दिसल्या. बूफरवाल्याला बारा इंची भोक दिसलं.

उरलेल्या जागेत बॉक्स बसवून देतो तो मिस्त्री. गाडीच्या सामानासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि लाकूडकामासाठी ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार असल्याने दोन्ही मार्गांवर मिस्त्र्यांची वाण नाही. अडचण भाषेची येते. बूफरवाला लिटरमध्ये बोलतो आणि मिस्त्री इंचांत ऐकतो. “वो सब ठीक है सेठ, साइज बोलो.” मग बूफरवाला डिकीत वाकून टेप लावतो, मागच्या सीटचा कल हिशेबात धरायला विसरतो आणि ठणकावून सांगतो : अठरा बाय चौदा बाय चौदा.

इथून पुढचा घोळ उपनगरातल्या फ्लॅटच्या व्यवहारासारखा असतो. बाहेरून मोजलेला हा बॉक्स भरतो सुमारे ५८ लिटर. हा झाला सुपर बिल्ट-अप. १८ मिलिमीटरचा एमडीएफ सहाही बाजूंनी जागा खातो आणि आत ४३ लिटर उरतात. हा बिल्ट-अप. त्यातून वूफरचा मॅग्नेट आणि सांगाडा साधारण तीन लिटर, मजबुतीची आडवी पट्टी एक लिटर. हाती येतात ३९. हा कार्पेट. एकतृतीयांश जागा गेली कुठे, हे विचारायचीही सोय नाही. फ्लॅटच्या बाबतीत २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट एरिया सांगण्याची सक्ती केली, बॉक्सच्या बाबतीत सगळं विकणाऱ्याच्या सचोटीवर सोडलेलं आहे. वडिलांच्या वन बीएचकेसाठी बिल्डरशी फुटाफुटावरून भांडलेला हाच मुलगा इथे ५८ लिटर मिळाले असं समजून घरी येतो. सुदैवाने ३९ लिटरमध्येही वरच्या वूफरचं उत्तर ०.८ येतं आणि ते चालण्यासारखं असतं.

बॉक्स जोडून झाला की गळती तपासायची. फटींत फेविकॉल आणि कोपऱ्यांत सिलिकॉन भरलेलं असतंच, तरी एखादा सांधा दगा देतो. त्यासाठी एखादा खालचा सूर लावून पेटती उदबत्ती सांध्यांवरून हळूहळू फिरवतात. धूर सरळ वर गेला तर सांधा पक्का, ठोक्यागणिक झुलला तर तिथे फट. सोसायटीच्या पार्किंगमध्ये डिकीत डोकं घालून उदबत्ती फिरवणारा तरुण दिसला की वॉचमन जरा अंतरावर अदबीने उभा राहतो आणि पेढे कधी मिळतील याची वाट पाहतो. जागा फारच कमी पडली तर बॉक्समध्ये उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस घालतात. त्यामुळे वूफरला बॉक्स थोडा मोठा भासतो. घरातली एक उशी त्या दिवसापासून चपटी होते.

बूफरवाल्यांतला दुसरा पंथ पोर्टवाल्यांचा. त्यांच्या बॉक्सला एक नळी किंवा लांबट फट असते आणि ती ठरावीक सुराला, बहुधा ३२ ते ४० हर्ट्झच्या दरम्यान, जुळवलेली असते. त्या सुराच्या आसपास आवाज बंद बॉक्सपेक्षा मोठा येतो. मात्र त्याच्या खाली हवेचा आधार सुटतो, कोन मोकाट हलतो आणि एक दिवस कॉइल जळल्याचा वास येतो. जागाही जास्त लागते. बारा इंची वूफरला बंद बॉक्स साधारण ३० ते ३५ लिटरचा पुरतो, पोर्टवाल्याला ५० ते ६० हवे असतात आणि नळीने व्यापलेली जागा वेगळी धरावी लागते. खरं तर गाडीची लहानशी बंद केबिन सुमारे ५०-६० हर्ट्झच्या खालचा आवाज आपणहून उचलते, त्यामुळे लहान बंद बॉक्सही गाडीत घरापेक्षा खोल वाजतो. ही गोष्ट ज्याला पटते तो समाधानी होतो आणि बूफरवाला म्हणून संपतो. त्यामुळे ती सहसा कोणी पटवून घेत नाही.

कायद्याशी बूफरवाल्याचं नातं गुंतागुंतीचं आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हे मोजमाप ‘ए’ पट्टीवर होतं आणि ही पट्टी माणसाच्या कानाप्रमाणेच खालच्या सुरांना सवलत देते. ४० हर्ट्झला ही सवलत सुमारे ३५ डेसिबलची असते. म्हणजे निव्वळ ४० हर्ट्झचा ९० डेसिबलचा सूर मीटरवर ५५ दाखवतो. हा मुद्दा बूफरवाला सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत आकडेवारीसह मांडतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या फळीवरचे स्टीलचे डबे ‘ए’ पट्टी वापरत नसल्याने तो एकमताने फेटाळला जातो.

वर्षातला खरा कसोटीचा काळ गणपतीचा. कुटुंब कोकणात निघतं, सहा बॅगा, आरतीचं सामान आणि आजीची गादी डिकीपाशी येऊन थांबते आणि आईचा हुकूम सुटतो : “ते खोकं काढ आधी!” वायरी सुटतात, बॉक्स लिफ्टने वर जातो आणि हॉलमध्ये टेबलफॅनखाली स्थिरावतो. आत कार्पेट किती का असेना, घरात तो जागा पूर्ण ५८ लिटरची अडवतो. परत आल्यावर तो लगेच खाली जाईल याचा भरवसा नसतो, कारण तोवर त्याच्यावर टेबलक्लॉथ आलेला असतो.

बूफरवाल्याची अवस्था साधारणपणे लग्नानंतर ओसरू लागते आणि बाबागाडीला जागा लागली की संपते. त्यानंतर सीटखाली मावणारा आठ इंची चपटा सबवूफर येतो. बेस कमी आहे हे बूफरवाला मनात मान्य करतो, पण कोणासमोर बोलत नाही. जुना बॉक्स वूफरविना विकायला निघतो. गिऱ्हाईक लांबी-रुंदी विचारतं, डिकीत बसेल का विचारतं, लिटर विचारत नाही. त्याच्याकडचा वूफर वेगळ्या कंपनीचा आणि वेगळ्या आकड्यांचा असतो, पण भोक बारा इंचीच असल्याने तो चपखल बसतो. बॉक्सचा आकार किती असावा, हा प्रश्न त्यामुळे दुसऱ्या मालकाला पडतच नाही.