संपत नाही त्याची तक्रार

च्युइंगमच्या चवीबद्दल माझी काही तक्रार नाही. चव पाच-दहा मिनिटांत निघून जाते, तिच्याशी भांडायला वेळच मिळत नाही. तक्रार आहे ती मागे उरतं त्याबद्दल. तोंडात घालायचं, चावायचं, पण गिळायचं नाही आणि तरीही ते मिळणार मात्र खाऊच्या बरणीत. शेजारी बसलेला माणूस तासभर मचमच करत असतो, आणि 'काय खातोयस?' विचारलं की म्हणतो, 'काही नाही.' तो खोटं बोलत नसतो, हीच अडचण आहे.

म्हणून चष्मा लावून पाकीट वाचलं. त्यावर 'गम बेस' असं लिहिलेलं असतं, पुढे काही नाही. लग्नपत्रिकेत वराच्या नावाच्या जागी 'एक मुलगा' एवढंच छापावं, तसं. हा बेस कशाचा, ते कंपन्या सहसा सांगत नाहीत. साधारणपणे त्यात पॉलिआयसोब्युटिलीन, ब्यूटाइल रबर, पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, मेण असल्या वस्तू असतात. यातलं ब्यूटाइल रबर टायरच्या ट्यूबमध्ये जातं आणि पॉलिव्हिनाइल ॲसिटेट सुताराच्या पांढऱ्या गोंदात. खाण्यासाठी वेगळा, शुद्ध माल वापरतात हे मान्य. पण शुद्ध झाली तरी ट्यूब ती ट्यूबच.

यात एक ऐतिहासिक अन्यायही आहे. १८६०च्या दशकात मेक्सिकोतून हद्दपार झालेला जनरल सांता आना न्यूयॉर्कजवळच्या स्टॅटन बेटावर राहत होता. त्याने 'चिकल' नावाचा चीक थॉमस ॲडम्स नावाच्या माणसाच्या गळ्यात मारला. हा चीक ज्या झाडाचा, ते म्हणजे आपलं चिकूचं, घोलवड-डहाणूला बागाच्या बागा आहेत तेच. कच्चा चिकू खाल्ल्यावर ओठ चिकटतात, तो प्रताप याच चिकाचा. ॲडम्सने त्याचं रबर करून गाड्यांच्या चाकांना लावायचा खटाटोप केला. जमलं नाही. तेव्हा त्याने ते लोकांच्या तोंडात घातलं आणि १८७१ मध्ये पेटंटही घेतलं. पुढे खप इतका वाढला की झाडं पुरेनात, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांनी चिकाच्या जागी कृत्रिम रबर आणलं. म्हणजे टायरला चाललं नाही म्हणून जे तोंडात आलं, त्याची जागा अखेर टायरच्याच मालाने घेतली. चिकूच्या वतीने कोणी दाद मागितल्याचं ऐकिवात नाही.

साखर नको असणाऱ्यांसाठी सॉर्बिटॉल असतं. खाद्यघटकांच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याचा क्रमांक ४२० आहे. हा आकडा मी ठरवलेला नाही. ते गोड लागतं, पण आतड्यात पुरतं शोषलं जात नाही, वर पाणी ओढून घेतं. २००८ मध्ये बर्लिनच्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका तरुणीची हकिगत छापली. जुलाब आणि अकरा किलो वजन उतरलेलं, तपासण्यांत काही सापडेना. शेवटी कळलं की बाई दिवसाला वीस ग्रॅमच्या आसपास सॉर्बिटॉल चघळत होत्या. बंद केल्यावर बऱ्या झाल्या. एखाद-दुसऱ्या गोळीने असं होत नाही, पण आकडा लक्षात ठेवलेला बरा.

गिळलेलं च्युइंगम सात वर्षं पोटात राहतं, असं आम्हाला लहानपणी सांगण्यात आलं होतं. राहत नाही. बेस पचत नाही हे खरं, पण काही दिवसांत मुकाट्याने बाहेर पडतो. ढीगभर गिळणाऱ्या काही लहान मुलांची आतडी मात्र तुंबली आहेत. २०२५ मध्ये लॉस एंजलिसच्या संशोधकांनी चघळणाऱ्याची लाळ तपासली तेव्हा एका ग्रॅम च्युइंगममागे सरासरी शंभर प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण निघाले, आणि झाडाच्या चिकापासून केलेल्यातही साधारण तितकेच. त्याने अपाय होतो का, हे त्यात तपासलेलं नव्हतं. या प्रयोगात सगळं चघळण्याचं काम एकाच माणसाने केलं. त्याच्या जबड्याची चौकशी कोणी केली का, कोण जाणे.

दंतवैद्य माझ्या बाजूला येतील अशी आशा होती. तेही फितूर निघाले. जेवणानंतर वीस मिनिटं बिनसाखरेचं च्युइंगम चघळलं तर लाळ वाढते, आम्ल धुऊन जातं, दात किडायचे कमी होतात, असं ते सांगतात. आमच्या आजोबांचे दात जेवणानंतर खळखळून चूळ भरून शाबूत राहिले होते, पण चूळ पाकिटात घालून विकता येत नाही.

एकट्या सिंगापूरने माझं दुःख जाणलं. तिथे लोकांनी मेट्रोच्या दारांच्या सेन्सरवर च्युइंगम चिकटवलं, दारं लागेनात, गाड्या खोळंबल्या. १९९२ मध्ये सरकारने विक्रीच बंद केली. (मुंबईच्या साध्या लोकलला हा धोका नाही. तिची दारं मुळात लावतच नाहीत.) २००४ मध्ये दातांच्या नि औषधी च्युइंगमला सूट मिळाली, तीही औषधवाल्याने गिऱ्हाइकाचं नाव लिहून घ्यायच्या अटीवर.

आमचा वाणी नाव विचारत नाही. तो माझे दोन रुपये ठेवून घेतो आणि न मागता दोन च्युइंगम हातावर ठेवतो. परवा मी स्पष्ट सांगितलं, 'हे नको.'

'काका, सुट्टे नाहीत. श्रीखंडाची गोळी देऊ?'

घेतली. कोपऱ्यावर पोचेपर्यंत संपली.