विकावयाच्या घराचे दार

पुण्याच्या पेठांतील घरांची दारे मुळात माणसांना आत घेण्यासाठी केलेलीच नाहीत, असे माझे फार दिवसांचे मत आहे आणि शनिवारवाड्यावरून जाताना ते दर वेळी पक्के होते. थोरल्या बाजीरावांनी १७३० साली ज्या वाड्याचा पाया घातला आणि १७३२ साली ज्याची वास्तुशांत केली, त्याच्या उत्तरेकडील दिल्ली दरवाजावर हत्तीच्या मस्तकाला बेतून अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत. ज्याच्या दारी हत्ती यावेत एवढी ज्याची योग्यता, त्यानेच आलेल्या हत्तीला दारात थोपविण्याची अशी जय्यत तजवीज करून ठेवावी, यात या शहराच्या आतिथ्यविषयक धोरणाचे सार आले. १८२८ साली आतले महाल आगीत गेले. तट आणि दरवाजे तेवढे राहिले. राहण्याची जागा गेली, अडविण्याची शाबूत आहे.

आम्हां सामान्यांच्या घरी हत्ती येण्याचा संभव नसल्यामुळे खिळ्यांचा खर्च वाचला, परंतु धोरण तेच चालू राहिले. मोठ्या दाराच्या पोटात एक दिंडी, ती इतकी ठेंगणी की आत शिरणाऱ्याला मान लवविल्याखेरीज गत्यंतर नाही. तिच्या तळाशी वीतभर उंचीचा उंबरठा, म्हणजे कपाळ वाचविण्याच्या नादात पाय ठेचकाळावा. आणि या दोन्ही संकटांतून निभावलेला मनुष्य देवडीच्या काळोखात डोळे किलकिले करीत उभा असताना आतल्याने त्याला आपादमस्तक न्याहाळून तो नातलग आहे, सावकार आहे की उत्सवाची वर्गणी मागणारा आहे, याचा निकाल करावा. आमच्या आजोबांनी नारायण पेठेत बांधलेले घर याच परंपरेतले होते. वाडा म्हणावा एवढे ते मोठे नव्हते. पण दाराकडे पाहून तसे कोणी म्हणाले तर आजोबा त्याची चूक दुरुस्त करीत नसत.

असले हे घर विकावे असे ठरले, याला कारण जिना. आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे आणि आमचा जिना यांचे अलीकडे पटेनासे झाले होते, आणि दोहोंपैकी जिनाच बदलणे सोपे, असे अस्थिरोगतज्ज्ञांनीही सुचविले. मिळकतपत्रिका, करपावत्या आणि बोजा नसल्याचा दाखला यांची जुळवाजुळव झाली. मग एका तरुण दलालास पाचारण केले. त्याला दलाल म्हटलेले आवडत नसे; तो स्वतःस सल्लागार म्हणवी. दाराशी येऊन तो बराच वेळ कडीकडे नुसता पाहत उभा असल्याचे मी वरच्या खिडकीतून पाहिले, आणि शेवटी मीच खाली उतरून दार उघडले.

“काका,” तो म्हणाला, “गिऱ्हाईक दारातच ठरवतं. आतलं घर नंतर. तुमचं दार बघून माणूस परत जाईल.”

“त्याचं कामच ते आहे,” मी म्हणालो.

त्याच्या या दिरंगाईला कारण आमच्या पाट्या. दाराच्या चौकटीवर त्या चार होत्या, आणि पिढीगणिक त्यांत भर पडत गेली होती. ‘कडी एकदाच वाजवावी. घरात बहिरे कोणी नाही’ ही आजोबांची. ‘दुपारी एक ते चार या वेळात येणाऱ्याचे काम चार वाजता होईल’ ही वडिलांची. ते सरकारी नोकरीत होते. ‘शेजाऱ्यांचा पत्ता शेजाऱ्यांस विचारावा’ ही माझी. आणि ‘वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाड गेले. कोठे, ते त्यांनी सांगितले नाही’ ही आमच्या सौभाग्यवतींची. तिच्या वाङ्मयीन गुणांपुढे माझी पाटी फिकी पडते हे मी उघडपणे कबूल करीत नाही. हत्तीसाठी जे काम खिळे करीत, तेच माणसांसाठी मराठी गद्य करते.

सल्लागाराने पहिला हुकूम सोडला तो पाट्या उतरविण्याचा. दुसरा रंगाचा. सागवानी दारावर तीन पिढ्यांनी आपापल्या काळच्या स्वस्त रंगाचे थर चढविले होते. रंगाऱ्याने ते खरवडायला घेतले तेव्हा आधी करडा, मग चॉकलेटी आणि तळाशी हिरवा असे आमचे सांपत्तिक चढउतार एकामागून एक उघडे पडू लागले. लांबी भरून, पॉलिश पेपरने घासून दार गुळगुळीत झाले आणि सल्लागाराच्या पसंतीने त्यावर फिका पिवळा रंग आला. “वॉर्म आणि वेलकमिंग,” तो म्हणाला. आजोबांनी तो रंग पाहिला असता तर त्यांनी कडी एकदाही वाजविली नसती. दाराच्या दोहों बाजूंस भाड्याच्या कुंड्या आल्या, चपलांची फडताळी परसात गेली, आणि प्लास्टिकचे तोरण आले ते मात्र सौभाग्यवतींनी परत पाठवून आंब्याच्या पानांचे व झेंडूचे बांधले, जे दुसऱ्याच दिवशी पेठेतल्या एका गाईने खाल्ले. तिला पाट्या कधीच वाचता येत नव्हत्या.

एवढे झाल्यावर सल्लागाराने आवाज खाली आणून खरे दुखणे सांगितले. दार दक्षिणाभिमुख होते. दक्षिण ही यमाची दिशा, तेव्हा गिऱ्हाईक निम्म्या रस्त्यातून वळते. यावर उपाय म्हणजे एक तर भाव उतरविणे किंवा दार उचलून पूर्वेच्या भिंतीत बसविणे. पूर्वेच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे न्हाणीघर असल्यामुळे दुसरा उपाय नाइलाजाने सोडावा लागला. परंतु असल्या बाबतीत ऐकीव गोष्टींवर विसंबणे मला मान्य नसल्याने मी वराहमिहिराची बृहत्संहिता काढली. सहाव्या शतकातल्या या ज्योतिर्विदाने घराच्या चारही बाजूंना दारासाठी आठ आठ स्थाने कल्पून बत्तिसांची फळे सांगितली आहेत, आणि ती वाचून माझा मोठा दिलासा झाला; कारण ज्या पूर्वेसाठी लोक जीव टाकतात, तिच्या आठांतही अग्निभय आहे, क्रोध आहे, खोटेपणा आहे, क्रौर्य आहे आणि शेवटी चोरी आहे. दक्षिणेची बहुतेक फळे भयंकर आहेत हे खरे. दास्य, कृतघ्नता, दारिद्र्य असा सगळा तो मामला आहे. मात्र पूर्वेच्या कोपऱ्याकडून मोजत गेले असता चौथ्या स्थानी दार असेल तर खाणे, पिणे आणि संतती यांची वृद्धी होते असे त्याने स्वच्छ लिहिले आहे.

मी टेप घेऊन भिंतीचे नऊ भाग पाडले. दार नेमके चौथ्यात आले. यमाचे स्थान पाचवे. ते आमच्या जिन्यात आले, आणि गुडघ्यांच्या तक्रारीला प्रथमच शास्त्राधार मिळाला.

पुढे मात्र वाचायला नको होते असे वाटण्याजोगा मजकूर होता. दारासमोर झाड, कोपरा, विहीर किंवा खांब आल्यास वेध होतो. आणि आमच्या दारासमोर विजेचा खांब आहे. उंचीच्या दुप्पट जमीन मध्ये सोडली असता दोष राहत नाही अशी सवलत आचार्यांनी दिली आहे. ही उंची घराची धरावी की दाराची, असा प्रश्न मला पडला, आणि दिंडी हेच आमचे खरे दार असे ठरवून मी तिची उंची धरली, कारण ती सर्वांत कमी होती. तेवढ्याने खांबाचा बंदोबस्त झाला. परंतु जे दार आपोआप उघडते ते घरच्यांस उन्माद आणते, या वाक्यापाशी मी थबकलो. आमची चौकट पुरानंतर किंचित कलल्यामुळे अडसर नसला की दार आपल्या मनाने उघडते, ही गोष्ट घरात सर्वांना ठाऊक होती. मी ते वाक्य सौभाग्यवतींस वाचून दाखविले. त्या एवढेच म्हणाल्या, “तरीच.”

पुराचा उल्लेख आला म्हणून सांगतो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पाणी शहरात शिरले तेव्हा नारायण पेठेत ते कोठवर चढले, याची आडवी रेघ आजोबांनी आमच्या चौकटीवर लोखंडी खिळ्याने कोरून खाली तारीख घातली होती. रंगारी जेव्हा त्या रेघेवर लांबी भरू लागला तेव्हा सल्लागाराचा चेहरा उजळला, आणि माझ्यातला कारकुनाचा मुलगा जागा झाला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे पंचावन्नावे कलम विकणाऱ्यावर असे बंधन घालते की, मिळकतीतला जो महत्त्वाचा दोष विक्रेत्यास ठाऊक आहे आणि खरेदीदारास साधारण दक्षता बाळगूनही आढळण्याजोगा नाही, तो त्याने सांगितला पाहिजे. म्हणजे रेघ बुजविली तर दोष गुप्त होतो आणि तोंडाने सांगावा लागतो. रेघ राहू दिली तर तो उघड असतो आणि आपण गप्प बसलो तरी कायदा काही म्हणत नाही. प्रामाणिकपणा आणि मौन यांची अशी सोयरीक फार क्वचित जुळते. मी रंगाऱ्याचा हात धरला, आणि रेघेपुरती एक पट्टी तशीच लाकडी ठेवून बाकीची चौकट पिवळी झाली.

मग गिऱ्हाइके येऊ लागली. एका जोडप्याला दार अतिशय आवडले, कुंड्या त्याहून आवडल्या, आणि मोटार कोठे उभी करायची असे विचारून त्यांनी बोळाकडे पाहिले, मीही पाहिले, त्या बोळातून पूर्वी दोन हातगाड्या शेजारून गेल्याचे वडील सांगत. एका बिल्डरने तर दाराकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्याने खिशातून टेप काढून समोरच्या रस्त्याची रुंदी मोजली, कारण जुने पाडून नवे किती उंच बांधता येईल हे रस्त्याच्या रुंदीवर ठरते, आणि आलेला आकडा पाहून टेप परत खिशात घातला. आमच्या पिवळ्या रंगाचा त्याच्याइतका अपमान गाईनेही केला नव्हता. एक गृहस्थ ऐन तिन्हीसांजेला आले आणि उंबरठ्यावर एक पाय आत, एक बाहेर ठेवून भाव करू लागले. ना घरात ना दारात, ना दिवस ना रात्र, अशा मुहूर्तावर हिरण्यकशिपूचे काय झाले हे आठवून सौभाग्यवतींनी त्यांना आत बसा किंवा उद्या या असे सांगितले. ते उद्या आले नाहीत.

शेवटी आले ते सेवानिवृत्त तहसीलदार. वयाने साठीपलीकडचे, अंगावर इस्त्रीचा शर्ट, आणि पाहण्याची रीत अशी की स्थळपाहणीचा पंचनामाच चालला आहे असे वाटावे. कुंड्यांकडे त्यांनी पाहिले आणि त्या भाड्याच्या असल्याचे विचारण्याआधीच ओळखले. पुराच्या रेघेवर बोट फिरवून तारीख वाचली आणि “नोंद चांगली आहे” असा शेरा मारला. मग चौकटीपाशी वाकून ते म्हणाले, “येथे चार जागी खिळ्यांची भोकं बुजवलेली दिसतात. काय होतं?”

“काही नाही साहेब,” सल्लागार घाईने म्हणाला, “कॅलेंडर.”

“दाराबाहेर? चार?”

या प्रश्नाला सल्लागारापाशी उत्तर नव्हते. सौभाग्यवती आत गेल्या आणि तांदळाच्या पिंपामागून चारही पाट्या घेऊन आल्या. तहसीलदारांनी चष्मा लावला, एकेक पाटी उजेडाकडे धरून वाचली, वडिलांची पाटी दोनदा वाचली.

“मसुदा कोणाचा?”

मी क्रमवार सांगितले.

“एक शब्द जास्त नाही,” ते म्हणाले, आणि मग प्रथमच खाली बसले. नोकरीची सगळी वर्षे त्यांच्या सरकारी बंगल्याचे दार उघडेच असे; सकाळी दात घासत असतानाही अर्ज, फेरफाराच्या तक्रारी आणि बांधावरून डोकी फुटलेली भावकी अंगणात उभी राही, आणि कडी वाजविण्याची तसदी कोणी घेत नसे. निवृत्तीनंतर ज्या नव्या इमारतीत ते राहत होते तेथे दाराची घंटा पक्ष्याच्या आवाजात गाते आणि कुरिअरवाले ती गाणे संपेपर्यंत दाबून धरतात. ठेंगणी दिंडी, उंच उंबरठा, आतून अडसर, पुढे काळोखी देवडी आणि हे चार फलक, असे घर आपण फार दिवस शोधत होतो, असे त्यांनी सांगितले. दक्षिणेविषयी त्यांनी विचारलेच नाही. दार आपोआप उघडते हे मी प्रामाणिकपणे दाखविले, तर ते म्हणाले, “सुतार बघेल.” वराहमिहिराला हे सुचले नव्हते.

किमतीवर घासाघीस झाली, पण ती सभ्यपणाने झाली. त्यांची अट एकच होती, की पाट्या मिळकतीसोबत आल्या पाहिजेत आणि तसे दस्तात आले पाहिजे. जंगम वस्तूंचा उल्लेख खरेदीखतात कशाला, असे आमचे वकील म्हणाले. पण महसूल खात्यात हयात घालविलेल्या माणसापुढे त्यांचे काही चालले नाही, आणि चतुःसीमांच्या तपशिलाखाली ‘प्रवेशद्वारावरील लाकडी पाट्या, नग चार’ अशी ओळ पडली. दुय्यम निबंधकांच्या कचेरीत दस्त नोंदविला गेला. मुद्रांक शुल्क रिवाजाप्रमाणे खरेदीदाराने भरले, आणि पाट्यांची किंमत वेगळी धरली गेली नाही, याचे सौभाग्यवतींस अजून वाईट वाटते. ताबा मिळताच नव्या मालकांनी पहिला रंगारी बोलाविला तो पिवळा रंग खरवडण्यासाठी.

त्या रंगाचा अर्धा डबा आमच्या नव्या घरी तसाच पडून आहे. दार सजवून घर विकण्याची ज्यांस हौस असेल त्यांनी तो अवश्य घेऊन जावा. मात्र दुपारी एक ते चार या वेळात येऊ नये, आणि आल्यास घंटा एकदाच दाबावी.