चहापुरती शेळी

चहापुरतं दूध व्हावं म्हणून शेळी घ्यायला निघालेल्या माणसाला बाजारात कुणीही सांगत नाही, की 'एक शेळी' असा प्रकार जगात नसतो. एकटी शेळी रात्रभर ओरडते. आळीला जागरण घडतं आणि सकाळी शेजारीच दुसरीसाठी वर्गणी काढायला तयार होतात. शिवाय दूध हवं तर शेळी व्यायला हवी, आणि उस्मानाबादी शेळी या बाबतीत भलतीच कर्तव्यदक्ष. गाभण राहिल्यापासून पाच महिन्यांत पिल्लं देते, तीही पुष्कळदा जुळी. हिशेब मांडेपर्यंत गोठा भरतो.

गावाची शेळीकडे बघायची नजर ठरलेली. आमच्या काळ्याभोर शेळ्या चरायला निघाल्या की शेजारचे अण्णा मायेने त्यांच्या पाठीवरून हात फिरवतात. ती माया नसते, वजनाचा अंदाज असतो. "ईदपर्यंत चांगली भरेल हो!" दुधासाठी पाळल्यात म्हटलं की ते माझ्याकडे असं बघतात, जणू मी बैल भजनासाठी पाळलाय.

दुधाला गिऱ्हाईक दोनच प्रकारचं. पहिलं डेंग्यूच्या साथीतलं. शेळीच्या दुधाने प्लेटलेट वाढतात असं ऐकून हे लोक बाटली घेऊन धावत येतात. तसं काही सिद्ध झालेलं नाही, पण बाटली पुढे करणाऱ्याशी वाद घालू नये. दुसरं गिऱ्हाईक गांधीवादी. गांधीजींनी दूध सोडलं होतं. 1919 च्या आजारपणात, शेळीचं दूध त्या व्रतात येत नाही, ही पळवाट कस्तुरबांनी शोधली. साथ पावसाळ्यानंतर ओसरते आणि गांधीवादी त्याआधीच ओसरलेत. शेळ्या मात्र रोज दोन्ही वेळा दूध देतात.

उरलेल्या दुधाचं काय, हा प्रश्न आईने हाती घेतला. पण शेळीच्या दुधातले स्निग्धाचे कण इतके बारीक, की साय धड येत नाही. साय नाही म्हणजे लोणी नाही आणि तूपही नाही. दही लावावं तर ते ढिलं. चहात घातलं तर पाहुण्यांना एकाएकी ॲसिडिटी आठवते. मराठी स्वयंपाकघराच्या सगळ्या परीक्षांत हे दूध नापास झालं.

फ्रान्समध्ये मात्र नेमकं हेच ढिलं दही पहिल्या वर्गात पास होतं. दूध 63 अंशांवर अर्धा तास तापवायचं, बावीसच्या आसपास निववायचं, विरजण आणि दूध साकळवणाऱ्या रेनेटचे थेंब घालून दिवसभर विसरून जायचं, मग फडक्यात बांधून टांगायचं. त्या चीजला तिकडे 'शेव्र' म्हणतात. मी टांगलेली गाठोडी आईने पाहिली आणि निकाल दिला, "हा तर चक्का! साखर-वेलची घाल आणि वाढ."

दहा लिटरांतून चीज निघतं जेमतेम दीड किलो. बाकीची सगळी निवळी. ती आम्ही कणकेत, वरणात, कढीत मुरवली. हल्ली आमच्याकडे जेवायला येणारे आधी फोन करून कढी आहे का विचारतात, आणि आहे म्हटलं की पुढच्या आठवड्यात येतात.

खरी फजिती राखेची. काही फ्रेंच चीजांना वरून कोळशाची बारीक राख लावतात. तिने वरचा आंबटपणा कमी होतो आणि पांढरी बुरशी छान धरते. हे मी आईला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "राखेने मी जन्मभर भांडी घासली आणि बुरशी आली की भाकरी फेकली. तू दोन्ही एकत्र करून विकणार?"

विकलं! तालुक्याच्या दुकानदाराने फक्त "पिझ्झ्यावर ताणतं का?" एवढं विचारलं आणि 'नाही' ऐकताच बरणी परत दिली. पुण्यातल्या एका हॉटेलच्या शेफने मात्र डोळे मिटून चव घेतली आणि दर आठवड्याची ऑर्डर दिली. ऑर्डर आली म्हणून दूध जास्त लागलं, दूध लागलं म्हणून शेळ्या वाढल्या, शेळ्या वाढल्या म्हणून चीज वाढलं, आणि ते खपवायला आणखी हॉटेलं शोधावी लागली. याला लोक उद्योजकता म्हणतात.

या उद्योगाचा सर्वेसर्वा मात्र बोकड आहे. माजावर आला की तो स्वतःच्याच दाढीवर मुततो आणि अत्तर लावलेल्या नवरदेवाच्या तोऱ्यात फिरतो. त्याचा वास दुधात उतरतो, म्हणून त्याला गोठ्यापासून लांब बांधावं लागतं. पण फार लांब ठेवलं तर पाच महिन्यांनी दूधच नाही. दूध नाही तर चीज नाही. गेल्या हिवाळ्यात बऱ्याच शेळ्या एकदम आटल्या आणि शेफचा फोन आला, "सर, पुढचा माल कधी?"

मी म्हटलं, "साहेबांचा मूड बघून कळवतो."

"तुमच्या साहेबांचा नंबर देता का?" शेफने विचारलं.