ग्राइंडरचा डबा

भोसरीत आमचा गाळा एक आणि फॅब्रिकेटर तिघं. मी ग्रिल-गेट करतो, मामा टाक्यांची कामं घेतात आणि तिसरा गडी, वयानं लहान, स्टेनलेसच्या रेलिंगवाला. भाड्याचे तीन वाटे, लाइटबिलाचे तीन वाटे. भिंतीवरचा बोर्ड मात्र एकच, आणि आमची बहुतेक भांडणं त्याच्यासमोरच होतात.

चार इंची ग्राइंडर दिसायला मुठीएवढा, पण मिनिटाला 11,000 फेरे घेतो. एवढं पळायचं तर खायलाही तसंच लागणार. माझा वायरवाला खानावळीत जेवणारा: बोर्डाजवळ बसायचं, 230 व्होल्ट पोटभर ओढायचे. मात्र मामांनी त्याच लाइनवर रॉड टेकवला की याचा आवाज एकदम बसतो, समोरचं ताट कुणी उचलून नेल्यासारखा. वायरीवर ठिणग्या पडून पडून चिकटपट्टी इतकी झाली आहे की मूळ वायर कोणती, हे आता मलाही सांगता येणार नाही. पिनटॉप तुटला तेव्हा सॉकेटात काड्यापेटीच्या काड्या खोचून आम्ही चार दिवस काढले. (हे कौतुकानं सांगत नाही. पाचव्या दिवशी मामांना झटका बसला आणि सहाव्या दिवशी पिनटॉप आला.)

रेलिंगवाल्यानं बॅटरीचा आणला. हा डबा घेऊन येणारा. 18 व्होल्ट, 5 अँपिअर-तास, म्हणजे 90 वॉट-तासांचा डबा. 850 वॉटच्या भुकेनं खायला बसला तर सहा-सात मिनिटांत चाटूनपुसून साफ. पण पाचव्या मजल्यावर, जिथं अजून लाइटच आलेली नाही, तिथं रेलिंगचे दोन कोपरे घासायला तेवढा पुरतो. शिवाय हा डबा सोवळ्यातला, दुसऱ्या कंपनीच्या ग्राइंडरला शिवत नाही.

चार्जर बोर्डाला लागला आणि मामांनी हिशेब काढला. "सगळ्यांच्या बिलात तुझी बॅटरी का भरायची? घरून भरून आण." एक बॅटरी भरायला युनिटचा दहावा हिस्सा लागतो, म्हणजे फार तर रुपयाभराचा मामला. त्या रुपयावर वाद घालताना आम्ही तीन कटिंग प्यायलो.

मामांचा स्वतःचा भरवसा हवेवर. जुना दोन एचपीचा कॉम्प्रेसर स्वस्तात मिळाला म्हणून त्यांनी हवेचा ग्राइंडर घेतला. हलका, हाताला तापत नाही, कार्बन जळायची भानगड नाही. मला तर वायुभक्षण करणारा योगीच वाटला. योगी निघाला खादाड. टाकी बघता बघता रिकामी करायचा आणि मग आम्ही काटा वर चढायची वाट बघत बसायचो. त्यात कॉम्प्रेसर जेवायचा त्याच बोर्डावर.

गेल्या गुरुवारी, आमच्या भागातल्या सुट्टीच्या आणि लाइनदुरुस्तीच्या वारी, मामांचं अर्जंट काम होतं म्हणून गाळा उघडला. बोर्ड गप्प. कॉम्प्रेसर गप्प. रेलिंगवाला कोपऱ्यात निवांत पाइप घासत होता. मामांनी दोनदा खाकरून बघितलं.

"काय रे," ते म्हणाले, "डब्यात उरलंय का काही?"